मामाची जुनी भाषा आणि तिमोरचे आठ दिवस

मामाने तिमोरचं नाव पहिल्यांदा ऐकलं ते पेडण्याच्या घरी, आजोबांच्या तोंडून. गोव्यातल्या सत्तरीच्या राणे सरदारांनी पोर्तुगीजांविरुद्ध बंड केलं, तेव्हा धरपकडीत सापडलेल्या काहींना तिमोरला धाडलं, असं आजोबा सांगायचे. तिथून कोणी परत येत नाही, असंही म्हणायचे. लहानपणी मामाला वाटायचं, तिमोर हे कुठल्यातरी तुरुंगाचं नाव आहे. २०२५ च्या जुलैत, चौऱ्याहत्तराव्या वर्षी, तो मला म्हणाला, "बाय, गुडघे चालताहेत तोवर तो तिमोर एकदा दाखव मला."

मामा प्रिमेर ग्राव शिकलेला. म्हणजे पोर्तुगीज अमलातली प्राथमिक शाळा, तीही पुरती नाही. तो दहा वर्षांचा असताना १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला आणि पुढचं शिक्षण मराठी-इंग्रजीत झालं. पोर्तुगीज तिथेच सुटली. चौसष्ट वर्षं ती त्याच्या तोंडात नव्हती, पण कुठेतरी होती, हे मला या आठ दिवसांत कळलं.

पूर्व तिमोर, अधिकृत नाव तिमोर-लेस्ते, हा तिमोर बेटाचा पूर्वेकडचा अर्धा भाग. पश्चिमेचा अर्धा इंडोनेशियाचा, आणि त्या अर्ध्यात ओएकुसी नावाचा एक तुकडा पुन्हा यांचा. क्षेत्रफळ सुमारे १५,००० चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या चौपट. लोकसंख्या २०२२ च्या जनगणनेप्रमाणे साडेतेरा लाखांच्या आत, गोव्याहून कमी. आपला संबंधही जुना आहे. १८४४ पर्यंत तिमोरचा कारभार गोव्याच्या गव्हर्नरच्या हाताखाली चालायचा. मधे एवढा समुद्र, आणि हुकूम पणजीहून.

पहिला दिवस, शुक्रवार : दिली

बालीच्या देनपसारहून दोन तासांच्या आत विमान दिलीला उतरतं. घड्याळ भारताच्या साडेतीन तास पुढे करायचं. उतरताना खाली सगळं तपकिरी दिसलं. ऑगस्ट हा तिथला कोरडा महिना, डोंगर वाळलेल्या गवताने पिवळे पडलेले, आणि ते थेट समुद्रात उतरतात. मधे सपाट जमिनीची एक चिंचोळी पट्टी, तिच्यावर राजधानी.

विमानतळाला निकोलाउ लोबातो यांचं नाव आहे. १९७५ च्या २८ नोव्हेंबरला तिमोरने पोर्तुगालपासून स्वातंत्र्य जाहीर केलं, तेव्हाचे ते पंतप्रधान. नऊच दिवसांनी, ७ डिसेंबरला, इंडोनेशियाचं सैन्य दिलीत उतरलं. लोबातो डोंगरात गेले आणि तीन वर्षांनी लढताना मारले गेले. तो ताबा २४ वर्षं टिकला.

व्हिसाच्या खिडकीशी मामाने पासपोर्ट पुढे केला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "बोआ तार्द." खिडकीतली मुलगी हसली. "बोतार्दे, अवो." अवो म्हणजे आजोबा. इथे परक्यालाही नात्यानेच हाक मारतात. तरुण पुरुष 'माऊन', म्हणजे दादा. बाई 'माना', म्हणजे ताई. मी आठ दिवस माना होते.

संध्याकाळी समुद्राकाठी लेसिदेरेला काठीत खोवून भाजलेला मासा खाल्ला, सोबत कातुपा, म्हणजे माडाच्या पातीच्या विणलेल्या पुडीत नारळाच्या दुधात शिजवलेला भात. चलन अमेरिकन डॉलर, पण सुट्टी नाणी यांची स्वतःची, सेंताव्हो. मामाने ती तळहातावर मांडून पाहिली. पाच सेंताव्होवर भाताची लोंबी, दहावर कोंबडा, पंचवीसवर होडी, पन्नासवर कॉफी. "ज्यावर माणसं जगतात तेच कोरलंय," तो म्हणाला, आणि प्रत्येकी एक नाणं वेगळं खिशात ठेवलं.

दुसरा आणि तिसरा दिवस : अताउरो

सकाळी बंदरावर निघायच्या आधी कोपऱ्यावरच्या बेकरीत गेलो. लांबट, वर कडक, आत मऊ असे पाव. मामाने विचारलं, "पाँव?" दुकानदार म्हणाला, "पाऊन." दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मग खेळच सुरू झाला. मामा वस्तूंकडे बोट दाखवी, मराठी शब्द म्हणे आणि तो तेतुम शब्द सांगे. साबण, साबाऊन. मेज, मेझा. बालदी, बाल्दे. चावी, शावे. तेतुम ही इथली बोली, पोर्तुगीजच्या बरोबरीने राजभाषा, आणि तिच्यात पोर्तुगीज शब्द आपल्यासारखेच मुरलेले. आपण 'चावी' म्हणताना पोर्तुगीज बोलतोय असं कोणाच्या मनात येत नाही, त्यांच्याही येत नसावं. बेटावर जाणारी बोट चुकेल म्हणून मीच मामाला ओढून काढलं.

अताउरो हे दिलीसमोरचं बेट, स्वच्छ हवेत किनाऱ्यावरून दिसतं. मधला समुद्र तीन किलोमीटरहूनही खोल. तिमोरची मुख्य भूमी हे ऑस्ट्रेलियाच्या भूपट्ट्याच्या टकरीने वर उचललेलं समुद्राचं तळ, त्यामुळे तिथल्या डोंगरांवर चुनखडक आणि प्रवाळ सापडतात. अताउरो मात्र विझलेल्या ज्वालामुखीचं. शनिवारी मोठी फेरी येते, म्हणून बेलोईला धक्क्याजवळ बाजार भरतो. वाळवलेले मासे आणि माकुल काठ्यांवर ताणून टांगलेले, खाली मका, भोपळे, आणि एका बाजूला म्हाताऱ्यांची रांग, प्रत्येकीपुढे सुपारी, विड्याची पानं आणि चुना. बुआ, मालुस, आहू. मामाने एकीजवळ बसकण मारली. तिने त्याला पान लावून दिलं, कात नसलेलं. त्याने खाल्लं, तिने त्याची जीभ रंगली का ते पाहिलं आणि लाल दातांनी हसली. भाषा एक अक्षर नव्हती दोघांत.

रविवारी लहान होडीने बेटाला वळसा घालून पश्चिमेच्या अदारा गावी गेलो. इथल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या समुद्रात बुडी मारून मासे मारतात. मी त्यांच्याबद्दल वाचलं होतं, तरी पाहताना अंगावर काटा आला. साठीची एक बाई, जुना टी-शर्ट, कमरेला कापड, हातात बारीक सळईचा भाला. तिने डोळ्यांना लावायचा चष्मा माझ्या हातात दिला. लाकडाच्या दोन लहान वाट्या कोरलेल्या, तिच्या डोळ्यांच्या खोबणीच्या मापाने. तळाशी गोल काच बसवलेली, मागे रबराची पट्टी. मी लावून पाहिला तर पाणी आत यावं एवढी फट राहिली. तो तिच्याच चेहऱ्याचा होता. ती किनाऱ्यापासून पन्नास पावलं गेली, जिथे पाण्याचा हिरवा रंग एकदम काळा होतो तिथे उलटी झाली आणि नाहीशी झाली. मी श्वास रोखून धरला, माझा दोनदा सुटला, तेव्हा ती वर आली. भाल्यावर माकुल, त्याचे पाय तिच्या मनगटाला वेढलेले.

२०१६ मध्ये कॉन्झर्वेशन इंटरनॅशनलच्या शास्त्रज्ञांनी इथल्या प्रवाळात माशांच्या जाती मोजल्या. एका जागी सरासरी इतक्या जाती त्यांना जगात कुठेच मिळाल्या नव्हत्या. हे टिकलं त्यात गावकऱ्यांचा मोठा वाटा आहे. किनाऱ्यावर एक खांब दिसला, त्याला झाडाच्या फांद्या बांधलेल्या. ती 'तारा बांदू', म्हणजे गावाने विधिपूर्वक घातलेली बंदी. अमुक टापूत अमुक काळ मासा मारायचा नाही. मोडणाऱ्याला गावासमोर दंड. कोकणातल्या देवराईत वाळलेली काटकीही न उचलणारी माणसं मी पाहिलेली आहेत, त्यामुळे हा खांब मला लगेच समजला.

आज निळंशार दिसणारं हे बेट एकेकाळी हद्दपारीची जागा होतं. १९८० च्या दशकात डोंगरात लढणाऱ्यांच्या बायकामुलांना इंडोनेशियाच्या सैन्याने हजारोंनी इथे आणून टाकलं. अन्न नव्हतं, पाणी थोडं. मामा ते ऐकून म्हणाला, "म्हणजे आजोबा सांगत तो तिमोर तिमोरातही होता."

चौथा दिवस : माउबिसी

सोमवारी दिलीला परतून दुपारी डोंगराकडे निघालो. गाडीवाला पस्तिशीचा, गप्पिष्ट, इंग्रजी बरं. रस्ता आयलेउवरून वर चढतो आणि तासाभरात उकाडा संपतो.

वाटेत त्याने सांगितलं, भाऊ उत्तर आयर्लंडमध्ये डंगॅननला मांसाच्या कारखान्यात आहे. कसा गेला? पोर्तुगीज पासपोर्टवर. मामा आणि मी एकदमच हसलो. माझा मावसभाऊ स्विंडनमध्ये आहे, तोही त्याच पासपोर्टवर. आजोबांचा जन्म पोर्तुगीज गोव्यातला, त्याची नोंद लिस्बनला, मग कागद, मग इंग्लंड. गाडीवाल्याने गाडी हळू केली आणि मागे वळून विचारलं, "तुमच्याकडेही?" ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर, २०२१ पासून ती वाट दोघांसाठीही बंद झाली. पाठवलेल्या पैशांवर घरं उभी राहतात आणि घरात म्हातारेच उरतात, हेही दोन्हीकडे सारखंच.

कॉफीचा हंगाम होता. रस्त्याकडेला ताडपत्र्यांवर बिया वाळत घातलेल्या, वरून उंच सावलीची झाडं. १९२७ मध्ये तिमोरच्या एका मळ्यात अरेबिका आणि रोबस्टा यांचा आपोआप झालेला संकर सापडला. कॉफीच्या पानावर पडणाऱ्या तांबेऱ्याला तो दाद देईना. त्याच्यापासून कॅटिमोर जात तयार झाली आणि ती जगभर गेली. आपल्याकडे कर्नाटकात 'कावेरी' नावाने लावतात ती हीच. मी बंगळुरूला दहा वर्षं काढली, रोज दोन कप कॉफी, आणि तिमोरचं नाव एकदाही मनात आलं नव्हतं.

माउबिसीला गाडीवाल्याच्या ओळखीच्या घरी उतरलो. घराच्या मागे जुनी गोल झोपडी, गवताचं टोकदार छप्पर जमिनीपर्यंत आलेलं. घरात आजोबा ऐंशीच्या आसपास, मुलगा पन्नाशीचा, नात चौदा वर्षांची. शेगडीशी बसलो. आजोबांनी मामाला तेतुममध्ये काहीतरी विचारलं, मामाने खांदे उडवले, आणि मग आपसूक पोर्तुगीजमध्ये म्हणाला की मला तेतुम येत नाही, मी गोव्याचा.

"गोआ!" आजोबा उठून उभे राहिले.

पुढचा दीड तास मी ऐकत बसले. मामा अडखळत होता, शब्द शोधत होता, मधे मराठी घुसत होतं. पण बोलत होता. आजोबा मिशनच्या शाळेत शिकलेले. दोघांनी पाढे म्हटले. पोर्तुगालच्या नद्यांची नावं म्हटली, तेजु, दोउरु, मोंदेगु, एकाने सुरू करायचं आणि दुसऱ्याने पुरं करायचं. दोघांनीही त्या नद्या पाहिलेल्या नाहीत. नात मधेच त्यांची एक चूक सुधारत होती, कारण तिची शाळेची पुस्तकं पोर्तुगीजच आहेत.

मुलगा मात्र गप्प होता. कॉफी ओतत होता, लाकूड सारत होता. त्याची शाळा इंडोनेशियाच्या काळातली. तेव्हा शिक्षण बहासात, म्हणजे इंडोनेशियाच्या भाषेत, पोर्तुगीजला बंदी. त्यामुळे घरात बाप आणि मुलगी ज्या भाषेत वाचतात, त्या भाषेत तो वाचत नाही. गाडीवाल्याशी तो बहासात बोलला, आईवडिलांशी मांबाई या डोंगरातल्या बोलीत, पाहुण्यांपुढे तेतुममध्ये. मी गाडीवाल्याकरवी त्याला विचारलं, तुला राग येतो का? तो थोडा वेळ थांबून म्हणाला, "शाळेत पोर्तुगीज शब्द तोंडातून गेला तर छडी बसायची. डोंगरातली माणसं त्याच भाषेत चिठ्ठ्या लिहायची. मी एक चिठ्ठी नेऊन दिली होती. मला ती वाचता येत नव्हती, म्हणूनच माझ्याकडे दिली."

मी ते मामाला मराठीत सांगितलं. रात्री अंथरुणावर तो बराच वेळ जागा होता. आमच्या घरात पोर्तुगीज ही मालकाची भाषा. ती गेली याचं कोणाला दुःख झालं नाही, होण्याचं कारणही नव्हतं. आणि इथे तीच भाषा दुसऱ्या मालकाविरुद्ध लपवून ठेवलेली, ठेव ठेवावी तशी. "आपलं भाग्य बघ," मामा अंधारात म्हणाला. "आपल्याला एकदाच सुटावं लागलं."

पाचवा दिवस : रामेलाउ

हातु बुइलिकु गावातून पहाटे तीनला निघालो, मी आणि गाडीवाला. मामा गावात थांबला. रामेलाउचं शिखर, तातामाइलाउ, जवळजवळ ३,००० मीटर. पोर्तुगालच्या साम्राज्यातला हा सर्वांत उंच डोंगर होता. थंडीने बोटं वळेनात. निलगिरीची रानं इथली मूळची, आपल्यासारखी आणून लावलेली नव्हेत, आणि अंधारात त्यांचा वास ओल्या मातीसारखा येतो. वर मेरीची मूर्ती आहे, १९९७ मध्ये, म्हणजे ताबा असतानाच, बसवलेली. उजाडलं तेव्हा उत्तरेचा समुद्र दिसला आणि वळून पाहिलं तर दक्षिणेचाही. एका जागी उभं राहून देशाची रुंदी डोळ्यांत मावते.

गाडीवाल्याने तिथे मगरीची गोष्ट सांगितली. एका मुलाने उन्हात सुकून मरायला टेकलेलं मगरीचं पिलू पाण्यात नेऊन सोडलं. मोठी झाल्यावर मगरीने त्याला पाठीवर घेऊन समुद्र फिरवला, आणि मरताना म्हणाली, आता माझ्यावरच राहा. तिचं शरीर म्हणजे तिमोर, तिच्या पाठीचे काटे म्हणजे हे डोंगर. म्हणून मगर इथे आजोबा, 'अवो लाफाएक'. किनाऱ्यावर खऱ्या मगरी माणसं ओढून नेतात तरी तिचं नाव आदरानेच घेतात. त्या शिखरावरून खाली पाहिलं की काटेरी पाठ अगदी स्पष्ट दिसते.

सहावा दिवस परतीच्या रस्त्यात गेला. संध्याकाळी दिलीत ताइसच्या बाजारात गेलो. ताइस म्हणजे कमरेला पट्टा बांधून बसून विणलेलं इथलं कापड. २०२१ मध्ये युनेस्कोने ते तातडीने जपायच्या वारशांत घेतलं. मामाने मामीसाठी एक घेतलं, घासाघीस न करता.

सातवा दिवस : शेगा आणि सांता क्रुझ

बालिदेचा तुरुंग पोर्तुगीजांनी बांधला आणि इंडोनेशियाने १९९९ पर्यंत वापरला. आता तिथे सेंट्रु नासियोनाल शेगा आहे. १९७४ ते १९९९ या काळात काय काय झालं, हे हजारो लोकांकडून ऐकून घेणाऱ्या आयोगाने २००५ मध्ये अहवाल दिला, त्याचं नाव 'शेगा'. संघर्षामुळे किमान १,०२,८०० माणसं मेली, असा त्यांचा हिशोब, बहुतेक भुकेने आणि आजाराने.

मामाला शब्दाचा अर्थ सांगावा लागला नाही. शाळेत पोरं कलकलाट करू लागली की बाई टेबलावर पट्टी आपटून म्हणायच्या, "शेगा!" पुरे. अंधारकोठडीच्या भिंतीवर कैद्यांनी नखांनी, कोळशाने कोरलेलं तसंच ठेवलं आहे. मामा एका कोठडीत आत जाऊन उभा राहिला. मी दारातच थांबले. आत हात लांब केला की दोन्ही भिंती लागतात.

दुपारी सांता क्रुझच्या दफनभूमीत गेलो. १२ नोव्हेंबर १९९१ ला सेबास्तियाँव गोमिश या मारल्या गेलेल्या तरुणाच्या थडग्याकडे मिरवणूक आली आणि सैन्याने गोळ्या चालवल्या. अडीचशेहून अधिक मेले, बहुतेक तरुण पोरं. माक्स श्टाल या पत्रकाराने ते चित्रित केलं आणि टेप तिथेच एका ताज्या थडग्यात पुरल्या, रात्री येऊन काढल्या. ते चित्रण बाहेर गेलं म्हणून जगाने पाहिलं. १९९६ मध्ये दिलीचे बिशप बेलो आणि देशाबाहेर राहून स्वातंत्र्याची बाजू मांडणारे झुझे रामुश-ओर्ता यांना नोबेल शांतता पुरस्कार मिळाला. ३० ऑगस्ट १९९९ ला मतदान झालं, ७८.५ टक्के लोकांनी स्वातंत्र्य मागितलं, त्यावर सैन्याने आणि त्याने पोसलेल्या टोळ्यांनी शहरं जाळली, तरी २० मे २००२ ला देश उभा राहिला. आमच्या प्रवासानंतर दोन महिन्यांनी, ऑक्टोबर २०२५ मध्ये, तो आसियान या आग्नेय आशियाई देशांच्या संघटनेचा अकरावा सदस्य झाला. ती बातमी मामाने मला फोन करून सांगितली.

थडगी दाटीवाटीची, टाइल्स लावलेली, वर प्लास्टिकची फुलं. प्रत्येकावर दोन शब्द, 'मोरिस' आणि 'माते'. जन्म आणि मृत्यू. दुसरा शब्द आपल्या कानाला कसा लागतो ते सांगायला नको. मामा तारखा वाचत आणि वयं मोजत चालला होता. एकोणीस. सतरा. बावीस.

एका थडग्याशी एक म्हातारी मेणबत्त्या लावत बसली होती. मामाने तिला पोर्तुगीजमध्ये विचारलं, कोण? तिला पोर्तुगीज येत नव्हतं. तिने हाताचा पंजा आडवा केला आणि हवेत धरला, बसल्या जागी तिच्या डोक्याच्या किंचित वर. एवढा होता. मग तिने एक मेणबत्ती मामाच्या हातात दिली. वाऱ्याने ती दोनदा विझली. तिसऱ्यांदा मामाने डोक्यावरची टोपी काढून आड धरली, आणि ज्योत स्थिर होईपर्यंत तो तसाच ओणवा राहिला.